आधी ब्रेक, मग हॉर्न



या भिंतीवर एरवी तुम्ही मुले लिहिता आणि आम्ही शिक्षक शुद्धलेखन तपासतो. या वेळी मीच एक कागद मागून घेतला आहे. विषय सायकलचा आहे. सायकलवर लिहिण्यासारखे ते काय, असे कुणी म्हणेल. पण गेल्या पौषात आपल्या सातवीतल्या एका मुलीला अपघात झाला आणि त्यानंतर गावात जी बोलणी चालली आहेत ती ऐकून गप्प बसणे मला बरे वाटेना.

तिचे नाव लिहीत नाही. तुम्हा सर्वांना ते ठाऊक आहे. सकाळची वेळ, धुके पडलेले, ती उतारावरून येत होती. समोरून विटांचा टेम्पो आला. तिने ब्रेक दाबला, पण तो लागलाच नाही. ती रस्त्याकडेच्या चरात पडली आणि हाताचे हाड मोडले. दीड महिन्याने प्लास्टर निघाले. हात बरा झाला. सायकल मात्र अजून पडवीत टांगलेली आहे. पारावर एकच बोलणे ऐकू येते, "पोरीच्या जातीला सायकल पाहिजेच कशाला?"

मी विचारतो, ती पडली ती मुलगी होती म्हणून, की ब्रेक नव्हता म्हणून?

मी ती सायकल नीट पाहिली. मागच्या ब्रेकचे एक रबर नव्हतेच, दुसरे इतके झिजलेले की आतले लोखंड दिसत होते. पुढच्या ब्रेकची सळई सुतळीने बांधली होती. हँडलवर मात्र बॅटरीवर वाजणारा कोरा हॉर्न होता. त्या हॉर्नच्या पैशांत ब्रेकची रबरे दोनतीनदा बदलून झाली असती.

आता माझी चूक सांगतो. अपघाताच्या आधी महिनाभर ही मुलगी फाटकाशी येताना दोन्ही पाय जमिनीला घासून सायकल थांबवीत असे. मी ते रोज पाहत होतो. एकदा तर हसून म्हणालो, "अगं, चपला झिजतील!" ती म्हणाली, "गुरुजी, बिरेक लागत नाय." मी 'बरं, घरी सांग' म्हटले आणि वर्गात गेलो. मी स्वतः कल्याणहून शहाड, म्हारळ, वरप, कांबा असा सायकलने येणारा माणूस. मला पान्हा धरता येतो. दहा मिनिटांचे काम होते, ते मी केले नाही. म्हणून हा लेख दुसऱ्याला उपदेश करण्यासाठी नाही; तो आधी मला लागू आहे.

मी लहानपणी डोंबिवलीत राहत होतो. १९७८ च्या सुमारास आमच्या आळीत भाड्याच्या सायकलींचे दुकान होते. अर्ध्या तासाला चार आणे. सायकल मोठी, आम्ही बुटके. दांडीखालून पाय घालून आम्ही ती चालवीत असू. दुकानदार फार कडक होता. सायकल हातात देण्यापूर्वी तो स्वतः दोन्ही ब्रेक दाबून पाही, चाक उचलून फिरवी, टायर अंगठ्याने दाबी आणि मग वहीत नाव लिही. आम्ही घाई केली की म्हणे, "सायकल माझी आहे, पण हातपाय तुझे आहेत. थांब जरा."

आज तुमच्यापैकी पुष्कळांची स्वतःची सायकल आहे. ही आनंदाची गोष्ट. पण भाड्याची सायकल दर फेरीला तपासली जात होती आणि घरची सायकल वर्षभर कुणी तपासत नाही. माझे सारे म्हणणे एवढेच आहे, की भाड्याच्या सायकलीला जे भाग्य होते ते घरच्या सायकलीलाही मिळावे.

सायकल हे साधे यंत्र आहे, म्हणूनच ते आपल्याला समजते. १८१७ साली जर्मनीत कार्ल ड्राइस यांनी लाकडी दुचाकी केली. तिला पेडल नव्हते, पायांनी जमीन रेटीत जायचे. १८८५ साली इंग्लंडमध्ये जॉन केंप स्टार्ले यांनी सारख्या उंचीची दोन चाके आणि मागच्या चाकाला साखळी अशी सायकल बनविली. तुमची सायकल तिचीच नात. १८८८ साली बेलफास्टचे जनावरांचे डॉक्टर डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेले टायर केले. बापाने मुलाच्या गाडीत लक्ष घातले, त्यातून जगाचा फायदा झाला. पालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

वर्गात आपण गुणोत्तर शिकतो. माझ्या सायकलच्या पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत, मागच्याला १८. म्हणजे पेडलचा एक फेरा मारला की मागचे चाक जवळजवळ अडीच फेरे फिरते. चाकाचा परीघ सुमारे सव्वादोन मीटर. म्हणून एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास पुढे जाते. आपापल्या सायकलचे दाते मोजा आणि गणित करून आणा.

आता निगा कशी राखावी ते सांगतो. चार गोष्टी पुरेत.

पहिली ब्रेक. रबर रिमवर पूर्ण टेकले पाहिजे. सायकल हाताने पुढे ढकलून ब्रेक दाबा. चाक जागच्या जागी थांबले पाहिजे. घसरले तर त्या दिवशी सायकलवर बसायचे नाही, हाताने धरून चालत यायचे. रिमला तेल लागू देऊ नका. हौशी मुले सगळीकडे तेल घालतात आणि ब्रेक घसरू लागला की नवल करतात.

दुसरी हवा. मऊ टायरने सायकल जड चालते आणि खड्ड्यात ट्यूब रिमखाली चेंगरून पंक्चर होते. पंक्चर काढणे पाचवीच्या मुलालाही जमते. ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवावी, बुडबुडे येतील तेथे खूण करावी, ट्यूब कोरडी करून काचपेपरने घासावी, सोल्युशन लावून ते सुकू द्यावे, मग रबराचा तुकडा दाबून बसवावा. सोल्युशन सुकण्यापूर्वी तुकडा चिकटविण्याची घाई केली की दुसऱ्या दिवशी पुन्हा घमेले. आणि टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढायला विसरू नका. काटा तसाच राहिला तर पंक्चर काढून काय उपयोग?

तिसरी चेन. पावसाळा संपला की चेन फडक्याने पुसून शिलाई मशीनचे तेल थेंब थेंब घालावे आणि जास्तीचे पुसून टाकावे. आपल्याकडे घरातले खोबरेल ओततात. ते उन्हाळ्यात चालल्यासारखे दिसते. पण खोबरेल २४ अंशांच्या आसपास थिजू लागते. आपल्याकडची हिवाळ्यातली सकाळ त्याहून कितीतरी गार. मग ते चेनमध्ये गोठते, त्यावर वीटभट्टीची धूळ बसते आणि मुलगा म्हणतो, "गुरुजी, सायकल जड झाली." सायकल नाही रे, तेल जड झाले!

चौथी नटबोल्ट. पुढचे चाक पायांत धरून हँडल वळवून पाहावे. ते सैल असेल तर चाक एकीकडे आणि हँडल दुसरीकडे जाईल.

हिवाळ्याचे वेगळे सांगितले पाहिजे. आपल्याकडे बर्फ पडत नाही, म्हणून आपण थंडीला मोजत नाही. खरे तर सायकलसाठी हाच उत्तम हंगाम, कारण चिखल नाही आणि घाम नाही. पण जानेवारीत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. त्याआधी निघणारा माणूस अंधारातच असतो. त्यात नदीकाठचे धुके आणि वीटभट्ट्यांचा धूर एकत्र होतो. ताशी १५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात चार मीटरांहून अधिक पुढे जाते. बोटे गारठलेली असली की ब्रेक दाबायला जरा उशीर होतो, दवाने रिम ओली असली की ब्रेक धरायलाही उशीर होतो. हे दोन उशीर मिळून टेम्पो अंगावर येतो. म्हणून हिवाळ्यात वेग कमी ठेवा. हातमोजे नसतील तर जुने पायमोजे हातांत घाला, कुणी हसले तर हसू द्या. मफलर डोक्याला बांधा, पण कान अगदी आवळू नका, मागची गाडी ऐकू आली पाहिजे. ओढणीचे आणि शालीचे टोक खोचून घ्या. काळ्या स्वेटरवर पांढरा सदरा चढवा. मागच्या मडगार्डवरचा पांढरा पट्टा आणि लाल काच पुसून ठेवा. चालणाऱ्याने उजवीकडून चालावे, सायकलवाल्याने डावीकडून जावे, हा नियम पाठ करा.

आता उपकरणांविषयी. मी जुना माणूस असलो तरी नव्याचा वैरी नाही. आमच्या वेळी डायनॅमो असे. तो टायरला घासून फिरे, आतले चुंबक फिरून वीज तयार होई आणि दिवा लागे. पण सायकल थांबली की दिवा गेला! नेमके रस्ता ओलांडताना उभे राहिलो की आम्ही अंधारात. आजचा बॅटरीचा लाल लुकलुकणारा दिवा त्याहून खात्रीने चांगला. तो घ्या. हेल्मेट मिळाले तर जरूर घाला. पण तारांतले रंगीत मणी, गाणी वाजविणारे हॉर्न, सपाट रस्त्यासाठी एकवीस गिअर हे सगळे नंतर. ब्रेक, दिवा, घंटी हा क्रम मोडू नका.

काही पालक म्हणतील, "गुरुजी, आता सायकलचे दिवस राहिले कुठे? पोराला पुढे मोटारसायकलच लागणार." २०२० साली टाळेबंदीत लोकल बंद झाल्या तेव्हा काय झाले ते आठवा. कल्याणहून मुंबई रेल्वेने ५४ किलोमीटर. एवढ्या लांबूनही कामावर जाण्यासाठी लोकांनी सायकली बाहेर काढल्या. मुंबईचे डबेवाले लोकलबरोबर सायकलही वापरतात. आपल्या गावचा दूधवाला कशावर येतो? सायकलला पेट्रोल लागत नाही आणि ती आपल्या हातांनी दुरुस्त होते. गरिबाला याहून मोठा आधार कोणता?

आणि मुलींविषयी. आपल्या शाळेत सातवीपर्यंतच वर्ग आहेत. जूनपासून या मुलीला हायस्कूल गाठायचे तर सहा किलोमीटर जायचे आहे. चालत सव्वा तास, सायकलने अर्धा तास. जाऊनयेऊन रोजचा दीड तासाचा फरक पडतो. हा दीड तास तिने कुठून आणायचा? घरी पाणी भरायचे असते, धाकट्या भावाला सांभाळायचे असते. मला भीती वाटते ती याची, की सायकल टांगलेली राहिली तर दिवाळीपर्यंत दप्तरही टांगले जाईल.

तामिळनाडूतील पुदुकोट्टै जिल्ह्यात १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत साक्षरता मोहिमेबरोबर हजारो खेड्यांतल्या बायका सायकल शिकल्या. लोकांनी त्यांची थट्टा केली, पण त्या शिकल्याच. बिहारमध्ये २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना निघाली आणि हायस्कुलात जाणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचे पुढे अभ्यासकांना आढळले. आपल्या महाराष्ट्रातही मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या मुलींना सायकली मिळू लागल्या. सरकार सायकल देईल, पण सरकार रोज ब्रेक पाहायला येणार नाही. ते काम आपले.

म्हणून माझी सूचना अशी. २०२४ पासून प्राथमिक शाळांत 'आनंददायी शनिवार' हा उपक्रम आहे. महिन्यातल्या एका शनिवारी शेवटचा अर्धा तास 'सायकल तपासणी' ठेवावी. पटांगणात सर्व सायकली उलट्या उभ्या कराव्यात. सातवीच्या मुलामुलींनी लहानांच्या सायकली तपासाव्यात आणि वहीत नोंद करावी. शाळेत एक पंप, दोन पान्हे, तेलाची बाटली, सोल्युशन आणि ब्रेकच्या रबरांची पुडी असावी. पंप माझ्याकडून. बाकीचे गावाने पाहावे. पारावर चहाला जेवढा खर्च होतो त्यात एवढे बसते.

आणि त्या मुलीच्या वडिलांना माझी हात जोडून विनंती आहे. दादा, पडवीतली सायकल खाली उतरवा. येत्या रविवारी मी पान्हा आणि रबरे घेऊन तुमच्या दारी येतो. तुम्ही आणि मी मिळून ब्रेक बसवू. ती शेजारी उभी राहून शिकेल. चूक तिची नव्हती. जी थोडी माझी होती, ती मला दुरुस्त करू द्या.

मुलांनो, उद्या शाळेत निघताना सायकलवर बसण्याआधी एकदा दोन्ही ब्रेक दाबून पाहा. लागले तर घंटी वाजवा आणि निघा.

— तुमचे गुरुजी