बारा ते चार

आमच्या टीममध्ये एक जण आहे. बरोब्बर साडेसहाला लॅपटॉप मिटतो, बॅग उचलतो, ‘चला, येतो’ म्हणतो आणि सुटतो. कारण सांगत नाही. लिफ्टचं दार लागेपर्यंत सगळे गप्प, मग सुरू. ‘मजा आहे बुवा एकेकाची!’ मीही त्यात असतो, खोटं कशाला बोलू? गेल्या महिन्यात डिलिव्हरीच्या रात्री तर मी जाम भडकलो होतो. घरी येऊन डोकं शांत करायला जुनी डीव्हीडी लावली, मेटालिकावरची ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’. आणि समोर काय, तर तीच कटकट!

रॉक बँडचा अल्बम म्हणजे रात्र रात्र जागरण, असा आपला समज. इथे जेम्स हेटफिल्ड, एवढा दांडगा गडी, चार वाजले की गाडी काढून घरी.

त्याआधी बरंच काही झालेलं होतं. जानेवारी २००१मध्ये बेसिस्ट जेसन न्यूस्टेडने बँड सोडला. १४ वर्षांची नोकरीच म्हणा ना. त्याला स्वतःचा दुसरा बँडही चालवायचा होता आणि हेटफिल्डला ते मान्य नव्हतं. (आपल्या अपॉइंटमेंट लेटरमध्येही ते कलम असतंच, नीट वाचा.) एप्रिलमध्ये उरलेले तिघं आणि प्रोड्युसर बॉब रॉक सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रेसिडिओमध्ये, लष्कराच्या जुन्या बराकीत, अल्बमसाठी जमले. बेस रॉकनेच वाजवला. खोलीत आणखी एक इसम होता, ज्याच्या हातात वाद्यच नव्हतं: फिल टोल, परफॉर्मन्स कोच. काम, सगळ्यांना एकमेकांशी बोलतं करणं. फी, महिन्याला ४०,००० डॉलर! आणि हे सगळं टिपायला दोन डायरेक्टरांचे कॅमेरे.

पूर्वी हेटफिल्ड आणि ड्रमर लार्स उलरिक मिळून गाण्यांचा सांगाडा बांधायचे आणि शब्द हेटफिल्ड एकटा लिहायचा. आता ठरलं की कुणी तयार माल आणायचा नाही. सुचेल ते वाजवायचं, सगळं रेकॉर्ड करायचं, शब्दसुद्धा सगळ्यांनी मिळून लिहायचे. हे असले लोक कागद-पेन घेऊन गोल बसलेत, हे दृश्य एकदा पाहाच.

जुलैमध्ये हेटफिल्ड दारू सोडवायला रिहॅबमध्ये गेला. कधी परतणार, कुणालाच पत्ता नाही. पुन्हा काम सुरू झालं ते २००२च्या वसंतात, बँडच्या नव्या स्टुडिओत, आणि हेटफिल्डच्या अटींवर. रोज दुपारी बारा ते चार, बस. वर, तो गेल्यावर इतरांनी रेकॉर्डिंगवर काम करायचं नाही, ऐकत बसायचंही नाही.

लार्स उखडला. खोलीत येरझाऱ्या घालत राहिला आणि शेवटी हेटफिल्डच्या तोंडाजवळ तोंड नेऊन एक सणसणीत शिवी हासडली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी पूर्ण लार्सच्या बाजूने होतो. बाकीच्यांनी किती महिने थांबायचं? यावेळी मात्र नजर हेटफिल्डवर गेली. त्याला सगळं नव्याने शिकायचं होतं. एका प्रसंगात तो मुलीच्या बॅले क्लासला बसलेला दिसतो. ‘आजच्या दिवस साडेचार’ म्हटलं असतं, तर उद्या सहा झाले असते. पण इतरांनी ऐकायचंही नाही, हे काही मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. घरी जा की बाबा, पण किल्ली ठेवून जा!

तासन्‌तास वाजवलेल्यातून बरे तुकडे निवडून ते कॉम्प्युटरवर जोडले गेले आणि मग बँडला स्वतःचीच गाणी वाजवायला शिकावी लागली. गिटार सोलो बाद, कर्क हॅमेट कुरकुरला तरीही. लार्सने स्नेअर ड्रमखालच्या तारा न लावताच वाजवलं, तोच आवाज त्याला आवडला, म्हणून पत्र्याचा डबा बडवल्यासारखा तो टणत्कार कायम झाला. लार्सच्या वडिलांनी एक ट्रॅक ऐकून शांतपणे सांगितलं, हे काढून टाक. बाप असावा तर असा!

‘सेंट अँगर’ जून २००३मध्ये आला. अमेरिकेत थेट पहिल्या नंबरवर. शीर्षकगीताला २००४चं ग्रॅमीही मिळालं. फॅन लोक मात्र त्या डब्यावरून आजही शिव्या घालतात. माझी तक्रार वेगळी आहे. ११ गाणी, ७५ मिनिटं. गाणी संपता संपत नाहीत. नुकतेच समेटाला आलेले लोक एकमेकांना इतके जपत होते, की ‘हे काप’ म्हणायची हिंमत कुणाची झाली नसावी. सगळ्यांचं मत घेऊन केलेलं प्रेझेंटेशन ६० स्लाइडचं होतं, तसंच. टोलसाहेबही पुढे गाण्यांचे शब्द सुचवायला लागले, तेव्हा कुठे त्यांना निरोप द्यायची चर्चा निघाली.

२००८च्या अल्बममध्ये सोलो परतले. २०१९मध्ये हेटफिल्डला पुन्हा रिहॅबमध्ये जावं लागलं. यावेळी उरलेल्या तिघांनी तसं उघड जाहीर केलं, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचा दौरा पुढे ढकलला, तिकिटांचे पैसे परत केले.

आमच्या साडेसहावाल्याला मी कारण अजून विचारलेलं नाही. परवा फक्त म्हटलं, ‘फाइल शेअर्ड फोल्डरवर टाकून जा रे.’

‘कधीच टाकलीय,’ तो म्हणाला आणि लिफ्टकडे गेला.