लूपर, लेहरा आणि मामा

गेल्या कोजागिरीला आमच्या गच्चीवर सालाबादप्रमाणे भेळ, मसाला दूध आणि घरच्याच कलाकारांचं कलागुणदर्शन असा बेत होता. दोन भावगीतं आणि एक मिमिक्री झाल्यावर माझा नंबर लागला. गिटार, छोटा अँप आणि पायाशी लूपर घेऊन बसलो आणि तीन गाणी वाजवली. टाळ्याही बऱ्यापैकी पडल्या. मी खूश! दुधाचा ग्लास घेऊन मामांशेजारी जाऊन बसलो, तर मामा म्हणाले, "छान झालं रे. पण त्यातलं तू किती वाजवलंस आणि त्या डबीनं किती?"

म्हटलं, "सगळं मीच वाजवलं, मामा."

"असेल बाबा. आमच्या वेळी याला टेप लावणं म्हणायचे. पुढच्या वेळी खरं वाजव."

आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. मी तेव्हा गप्प बसलो, कारण मामांशी वाद घालायची आपली टाप नाही. पण घरी आल्यावर झोप लागेना. मामा हा ब्लॉग वाचतात (आणि शुद्धलेखनाच्या चुका फोन करून सांगतात), म्हणून जे तोंडावर बोललो नाही ते इथे लिहितो.

ज्यांना लूपर ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पायानं दाबायचं एक यंत्र. एकदा दाबलं की तुम्ही वाजवाल ते ध्वनिमुद्रित होऊ लागतं. पुन्हा दाबलं की तेवढा तुकडा गोल गोल वाजत राहतो. मग त्यावर दुसरा थर, तिसरा थर चढवायचा. मी सुरुवात करतो गिटारच्या लाकडावर. तळहाताची थाप म्हणजे ढोल, बोटांची टिचकी म्हणजे टाळी. मग खालच्या जाड तारांवर बेस, मग कॉर्ड्स, मग वर कुठेतरी दोन-चार सुटे सूर. एवढं झालं की त्यावर मूळ चाल, आणि ती शेवटपर्यंत हातानंच. कार्यक्रम सुरू होताना डबी कोरी असते. गाणं संपल्यावर मी ती पुसून टाकतो.

आता जरा हिशेब करू. मिनिटाला ८० मात्रांची लय धरली तर १६ मात्रांचं आवर्तन होतं १२ सेकंदांचं. बाराव्या सेकंदाला माझा पाय नेमका समेवर पडला पाहिजे. एक दशांश सेकंद उशीर झाला, तर प्रत्येक आवर्तनाच्या शेवटी तीच ठेच. पाच मिनिटांच्या गाण्यात २५ आवर्तनं, म्हणजे २५ वेळा ठेच, तीही सगळ्यांसमोर. माणसाच्या साथीला चूक झाली तर पुढच्या आवर्तनात ती विसरली जाते. लूपर मात्र सासूसारखा, चूक लक्षात ठेवतो आणि पुन्हा पुन्हा ऐकवतो. (सौ.च्या आईंनी हे वाक्य वाचू नये.) टेप लावणाऱ्याला कसली आलीये ही भीती?

हा आरोप माझ्यासारख्या गच्चीवरच्या कलावंतावरच होतो असंही नाही. २०१७ साली एड शीरननं ग्लास्टनबरीच्या महोत्सवात एकट्यानं गिटार आणि लूपरवर कार्यक्रम केला आणि लगेच ओरड झाली की हा मागे आधीच केलेलं रेकॉर्डिंग लावतो. शेवटी त्याला ट्विटरवर खुलासा करावा लागला, की जे काही ऐकलंत ते तिथल्या तिथे वाजवलेलं होतं, लूपर म्हणजे काय ते जरा शोधून पाहा. त्याच्या दोनच वर्षं आधी, २०१५ मध्ये, हाच माणूस लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये तीन रात्री गिटार आणि लूपर घेऊन उभा राहिला होता. ३० जानेवारी २०२५ ला तो आपल्या पुण्यातही वाजवून गेला. आमची भाची जाऊन आली. तिला कुठेही टेप दिसली नाही. पायाकडे बघत थांबलेला माणूस दिसला.

आणि हे खूळ आजचं नाही. लेस पॉलनं १९४८ मध्ये 'लव्हर' या रेकॉर्डमध्ये गिटारचे आठ भाग एकट्यानं एकावर एक चढवले, तेही चकत्यांवर ध्वनिमुद्रण करून. रॉबर्ट फ्रिप आणि ब्रायन ईनो यांनी सत्तरच्या दशकात दोन टेप रेकॉर्डर शेजारी ठेवून एकाची फीत दुसऱ्यातून फिरवली आणि त्या चक्रावर गिटार वाजवली. २००४ मध्ये बीबीसीच्या जूल्स हॉलंडच्या कार्यक्रमात ऐनवेळी एका कलाकाराची जागा रिकामी झाली, तिथे केटी टन्स्टल नावाची फारशी कुणाला माहीत नसलेली मुलगी गिटार आणि लूपर घेऊन उभी राहिली. तिनं एकेक थर कॅमेऱ्यासमोर रचला. लोकांना तो थर रचलेला दिसला, म्हणून ते गाणं लोकांच्या लक्षात राहिलं.

माझं म्हणणं एवढंच आहे. यंत्र वापरणं ही लबाडी नाही, लपवणं ही लबाडी आहे. घरी वाजवलेला तुकडा डबीच्या मेमरीत साठवून आणायचा आणि रंगमंचावर नुसता पाय आपटून 'लाइव्ह लूपिंग' म्हणून मिरवायचं, याला खुशाल टेप म्हणा. मी तुमच्या बाजूनं टाळ्या वाजवीन. पण जो थर तुमच्यासमोर शून्यातून उभा राहिला, तो टेप कसा?

आता मामा, थोडं तुमच्या खोलीत येतो. तिथे कोपऱ्यात इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे. बटण दाबलं की प-सा-सा-सा सुरू, तार जुळवायला नको, की मागे कुणी शिष्य बसायला नको. त्याला तुम्ही टेप म्हणत नाही. आणि तुम्ही स्वतः काय करत आलात? तीस वर्षं तबलजींना पेटीवर लेहरा धरलात. सोळा मात्रांची तीच ओळ, तासभर, जराही न हलता, म्हणजे वर तबलेवाल्याला हवं ते करता यावं. लहानपणी मी तुमच्या मागे बसून ते ऐकलंय. समेची वाट बघायला मी तिथे शिकलो. पुढे पहिल्यांदा लूपरवर पाय ठेवला तेव्हा मला इंग्रजी पॉप आठवलं नाही, तुमची पेटी आठवली.

आणि इथवर लिहिल्यावर माझी ट्यूब पेटली. ज्या क्लासमध्ये तुम्ही लेहरा धरायला जायचात, तिथे आता मोबाइलवर लेहऱ्याचं अ‍ॅप लावतात. लय हवी ती, पट्टी हवी ती, मानधन शून्य, चहाही द्यावा लागत नाही. तुम्ही त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. बोललात ते माझ्या डबीबद्दल.

तेव्हा यावर मला खरं उत्तर द्यायला हवं, कारण यात मीही धुतल्या तांदळासारखा नाही. एका कॅफेत आम्ही दोघं वाजवायचो, मी गिटार आणि मित्र कहोन. एका शनिवारी त्याला जमलं नाही, मी लूपरवर निभावलं. पुढच्या आठवड्यात मॅनेजर म्हणाला, "तुम्ही एकटेच सगळं वाजवता ना? मग दोघांचे पैसे कशाला?" मी भांडायला हवं होतं. भांडलो नाही. मित्राला सांगताना जीभ जड झाली, तो "चालतंय रे" म्हणाला, आणि ते चालत नव्हतं हे दोघांनाही कळलं. लूपरवर करायचा खरा आरोप हा आहे, मामा. वाजवण्यातल्या लबाडीचा आरोप खोटा आहे. शेजारची खुर्ची रिकामी केल्याचा आरोप मला नाकारता येत नाही.

अजून एक कबुली. लूपर ऐकत नाही. तुमच्या लेहऱ्यावर तबलजी रंगात आला की लय केसभर चढायची, आणि तुम्ही न सांगता त्याच्याबरोबर चढायचात. माझी डबी पहिल्या आवर्तनाला ८० वर होती, ती शेवटच्यालाही ८० वरच. मी रंगात आलो काय आणि झोपलो काय, तिला सुतक नाही. त्यात आम्हा लूपरवाल्यांची वाईट खोड म्हणजे थरांची हाव. पाच थर, प्रत्येकाला दोन आवर्तनं, म्हणजे चाल सुरू व्हायच्या आधी लोकांची दोन मिनिटं गेली. वर सगळे थर एकाच सप्तकात कोंबले की नुसता गिचका होतो. कोजागिरीला माझं दुसरं गाणं तसंच झालं होतं. तुम्ही ते म्हणाला असतात तर मी कान पकडले असते.

म्हणून मी माझ्यापुरते तीन नियम केलेत. कोरी डबी घेऊनच बसायचं. तीनपेक्षा जास्त थर नाहीत. आणि जिथे दुसरा माणूस मिळू शकतो, तिथे डबी पिशवीतच राहील. कॅफेवाल्याला तसं कळवलंय. त्याचं उत्तर आलेलं नाही. मित्राला फोन केलाय, तो मात्र येतो म्हणालाय.

पण घरी, रात्री साडेदहाला, एकटा असताना मी लूपर लावणार. तेव्हा कुणाची खुर्ची रिकामी होत नाही.

असो. मामा, पुढच्या कोजागिरीला पेटी घेऊन या. एका गाण्याला डबी बंद, लेहरा तुम्ही धरा. दुसऱ्या गाण्याला लूपरवर पाय तुमचा. बाराव्या सेकंदाला सम बरोबर पकडलीत तर भेळ माझ्याकडून. आणि चुकलात, तर ती चूक पाच मिनिटं सगळ्या गच्चीला ऐकवीन. :)