पाईप कुठे संपतो?

मे संपत आला की नाशिकमधल्या कुठल्याही कॉलनीतून चक्कर मारा, गच्चीगच्चीवर माणसं काहीतरी फासताना दिसतील. वॉटरप्रूफिंग! पांढरं, विटकरी, रबरासारखं, दहा वर्षांच्या गॅरंटीचं... (गॅरंटी देणारा तिसऱ्या वर्षी फोन उचलत नाही, हा भाग वेगळा.) भिंतीला ओल आली की आपण स्लॅबला दोषी ठरवून मोकळे होतो. माझं म्हणणं एवढंच, की त्याआधी पाण्याची वाट बघावी. म्हणजे अगदी शब्दशः! पाणी गच्चीवर पडल्यापासून कुठून कुठे जातं, ती वाट.

जुन्या नाशकातल्या वाड्यांना हा प्रश्न फारसा नव्हता. छप्पर उतरतं, पाणी थांबायला जागाच नाही. वळचणीला पत्र्याची पन्हळ, आणि ती गळायला लागली की चौकात बसलेल्या सगळ्यांना दिसायची. आताचा पाईप इमारतीच्या मागच्या बाजूला, डक्टमध्ये. तो तुंबलाय हे कळतं तेव्हा बेडरूमच्या कोपऱ्यात पोपडे आलेले असतात.

थोडा हिशोब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. तासाभरात 30 मिलिमीटर पडला, तर जवळजवळ 2800 लिटर. हजार लिटरच्या तीन काळ्या टाक्या तासाभरात रिकाम्या करण्यासारखं आहे हे! आणि त्याला वाट किती? बरेचदा एकच तीन इंची पाईप. चार इंचीच्या तुलनेत त्याचं तोंड निम्म्याहून थोडंच मोठं असतं. त्यात संक्रांतीचा मांजा, पतंगांचे कागद, कबुतरांची पिसं, दुधाची पिशवी. जानेवारीतली हौस जूनमध्ये पाईपच्या तोंडाशी गोळा होऊन बसते. गच्चीवर चार इंच पाणी साचलं तर स्लॅबवर नऊ टनांहून जास्त वजन येतं. असं तळं साचू दिल्यावर कुठलाही थर किती दिवस टिकणार?

म्हणून पाऊस यायच्या आधी गच्चीवर पाईप लावून पाणी सोडावं आणि खाली जाऊन उभं राहावं. वर डबकी राहतात का, पाणी जोरात येतं की ठिबकतं, कुठल्या सांध्यातून भिंतीवर उतरतं, सगळं अर्ध्या तासात कळतं. तोंडावर घुमटासारखी उंच जाळी बसवावी; सपाट जाळी एका पानाने बंद होते. उतार शंभराला एक तरी हवा. कठड्याला, गच्चीच्या पातळीपेक्षा दोनेक इंच वर, एक जादा भोक ठेवावं. पाईप तुंबला तर पाणी तिथून बाहेर पडतं, आणि ते पडताना सगळ्यांना दिसतं.

पण माझी खरी तक्रार पाईपच्या दुसऱ्या टोकाबद्दल आहे. कित्येक इमारतींमध्ये हा पाईप सरळ संडास-बाथरूमच्या चेंबरला जोडलेला असतो. प्लंबरला ते सोपं पडतं आणि वरच्यांना काही त्रास नसतो. ड्रेनेजची लाईन मात्र घरातल्या सांडपाण्याच्या बेताने टाकलेली असते, तिच्यात गच्चीचं पाणी घुसलं की ती तुंबते आणि उलटी येते. कोणाकडे? तळमजल्यावर. आमच्या ओळखीच्या एक आजी पावसाळ्यात बाथरूमच्या जाळीवर पाट आणि पाटावर पाण्याने भरलेली बादली ठेवून झोपतात. वरच्या मजल्यांवर त्याच वेळी भजी तळली जात असतात.

आणि चेंबर उफाळलं की ते पाणी रस्त्यावरून नाल्यात, नाल्यातून गोदावरीत. आपण पूर आला की दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढलं ते बघायला जातो, गंगापूर धरणातून किती सोडलं ते एकमेकांना सांगतो. पण सराफ बाजारात पाणी शिरायला दर वेळी धरण लागत नाही, जोरदार सरीचं शहरातलंच पाणी सरस्वती नाल्याकडे धावतं आणि तेवढं पुरतं. गोदावरीच्या प्रदूषणावर 2012 मध्ये उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. महापालिकेला जाब विचारायलाच हवा, त्यात वादच नाही. पण आपल्या गच्चीचा पाईप कोणी न्यायालयाने येऊन तोडायचा का?

तो तोडून वेगळा काढता येतो. पावसाळी गटार असेल तर तिकडे, नाहीतर शोषखड्ड्यात. नुसता भिंतीच्या पायथ्याशी सोडू नका. काळ्या मातीत पाणी मुरलं की ती फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि पाया हलतो. दहाएक फूट लांब न्या. नव्या नियमांत 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवरच्या बांधकामाला पावसाचं पाणी जिरवणं बंधनकारक आहे, पण जुन्या सोसायटीला कोणी अडवलंय थोडंच?

राहता राहिला खर्च. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणणारच, "त्रास तळमजल्याला आहे, त्यांनी करून घ्यावं." हे मला अजिबात पटत नाही. गच्ची सगळ्यांची, तर तिच्यावरून उतरणारं पाणीही सगळ्यांचं. सारखी वर्गणी काढा, आणि सगळ्यात वरच्या मजल्याकडून आधी घ्या.