विश्लेषण : महालक्ष्मीच्या ‘सेंट्रल पार्क’मध्ये हिरवळीखाली काय असणार, हे महत्त्वाचे का?

मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम एक-दीड चौरस मीटर. केंद्राच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांनुसार ती १० ते १२ चौरस मीटर असायला हवी. त्यामुळेच महालक्ष्मी रेसकोर्सवर होणाऱ्या ‘सेंट्रल पार्क’कडे शहराचे लक्ष आहे. समाजमाध्यमांवर अशा उद्यानांची देखणी संकल्पचित्रे फिरतात, पण उद्यान कसे चालेल हे चित्रात न दिसणाऱ्या गोष्टींवर ठरते.

प्रकल्प काय आहे?

रेसकोर्सची जागा सुमारे २११ एकर. तिचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला होता. रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या सदस्यांनी २०२४ मध्ये उद्यानाच्या बाजूने कौल दिला. त्यानुसार १२० एकर जागा महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे, अशी विभागणी ठरली. सागरी किनारा मार्गालगतची भराव टाकून तयार केलेली सुमारे १७५ एकर मोकळी जागा भुयारी मार्गाने जोडून जवळपास ३०० एकरांचे सलग उद्यान करण्याची योजना आहे.

वाद कशावरून?

जागेवर बांधकाम होणार नाही, असे सरकारने सांगितले होते. मात्र जमिनीखाली क्रीडासुविधा उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. वर हिरवळच राहणार असेल तर बिघडले काय, असा प्रश्न पडू शकतो.

फरक मातीचा आहे. गवताला वीतभर माती पुरते. वड, पिंपळ, चिंच अशा झाडांना खोल माती आणि मुळे पसरायला जागा लागते. खाली काँक्रीटचा स्लॅब आला की वर लॉन आणि झुडपे सहज होतात, दाट सावली मात्र सहज मिळत नाही. मे महिन्याच्या दुपारी सावलीशिवाय उद्यानात कोण थांबेल?

पावसाचे गणित काय?

हा भाग मुळात सखल. वरळी आणि मुंबई बेटांमधली खाडी हॉर्नबी व्हेलार्डच्या बांधाने अडवल्यावर इथली पाणथळ जमीन वापरात आली. १२० एकरांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४ कोटी ८५ लाख लिटर पाणी जमा होते. भरतीच्या वेळी नाल्यांतले पाणी समुद्रात जाऊ शकत नाही. अशा वेळी मोकळी जमीन काही पाणी मुरवते, काही धरून ठेवते. स्लॅबवरचे पाणी मात्र वेगळी सोय नसेल तर थेट गटारात जाते.

भूमिगत बांधकाम म्हणजे नुकसानच का?

तसे नाही. बँकॉकमध्ये २०१७ साली खुले झालेले चुलालाँगकॉर्न शताब्दी उद्यान केवळ ११ एकरांचे आहे. लँडस्केप आर्किटेक्ट कोचाकॉर्न वोराखोम यांनी ते तिरपे रचले. उंच टोकाला हिरव्या छपराखाली इमारत आहे. तिथून पाणी उतारावरून पाणथळ पट्ट्यांतून गाळत खालच्या तळ्यात येते. मुसळधार पावसात सुमारे ३८ लाख लिटर पाणी तिथे थांबू शकते. म्हणजे बांधकाम असूनही पाण्याची सोय होऊ शकते, पण त्यासाठी आधी पाण्याचा उतार आणि नंतर इमारत, असा क्रम लागतो.

नागरिकांनी काय पाहावे?

आराखड्यात चार आकडे शोधावेत : जमिनीखालचे बांधकाम किती एकरांखाली, त्यावर मातीचा थर किती मीटर, किती लिटर पाणी साठणार आणि फाटके किती, कुठे. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण तसा तो नाही. पश्चिम रेल्वे आणि मेट्रो-३ च्या महालक्ष्मी स्थानकांवरून पायी, मोठा रस्ता सुखरूप ओलांडून आत जाता आले, तर हे उद्यान डोंबिवली-विरारच्या कुटुंबांचेही होईल. नाहीतर भूमिगत वाहनतळात गाडी लावू शकणाऱ्यांनाच ते सोयीचे ठरेल. हे आकडे काम सुरू होण्याआधी मागता येतात. एकदा स्लॅब पडला की माती वाढवायला वाव उरत नाही.