रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी सोडू नका

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून आज गरीब माणसाचीही अँजिओप्लास्टी होते. ही मोठीच सोय आहे. पण स्टेंट बसला म्हणजे आजार संपला, असे समजून अनेक जण काही महिन्यांत स्टॅटिनची गोळी सोडतात. पनवेल, उरण, कर्जतकडून येणाऱ्या रुग्णांचे म्हणणे ठरलेले असते : 'रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग गोळी कशाला?'

रिपोर्ट नॉर्मल आला, तो गोळीमुळे. शरीरातले बरेचसे कोलेस्टेरॉल यकृतच तयार करते. स्टॅटिन त्याला लगाम घालते. मग यकृत रक्तातले एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ओढून घेते. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पुन्हा वर जातो. तळलेले कमी करणे, चालणे, तंबाखू सोडणे हवेच. पण हृदयविकार झालेल्याला तेवढ्याने भागत नाही.

जपानच्या अकिरा एंडो यांना १९७३मध्ये बुरशीत पहिले स्टॅटिन सापडले. १९९४मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरील स्कँडिनेव्हियन चाचणीचे निष्कर्ष आले. सुमारे साडेपाच वर्षांत, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या शंभरांतले १२ जण दगावले. स्टॅटिन घेणाऱ्या शंभरांतले ८.

दुष्परिणाम नाहीत असे नाही. काहींचे स्नायू दुखतात, काहींची साखर किंचित वाढते. तीव्र अंगदुखी किंवा गडद लघवी झाली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. गरोदरपणाची शक्यता असेल तर आधी सांगा. आकडा थोडा वाढलेल्या प्रत्येकाला गोळी लागतेच असेही नाही. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, घरातला हृदयविकार हे सारे पाहून ते ठरते.

अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, जनऔषधी केंद्रांत स्वस्तही मिळते. तरी रोजंदारीवरच्या माणसाला थोड्या गोळ्यांसाठी वारंवार खाडा करून रांगेत उभे राहावे लागले, तर तो गोळी सोडणारच. म्हणून प्रकृती स्थिर असलेल्यांना सरकारी दवाखान्यातून तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळाव्यात. अँजिओप्लास्टीचा खर्च उचलणाऱ्या शासनाला हे जड नाही. गोळी अभावी स्टेंटवरचा खर्च वाया जाऊ देणे मात्र परवडणारे नाही.