बेणे बदलले, वायरिंग मात्र तेच



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागणीचे अंतर, खोडव्यातले पाचट असल्या गोष्टी लिहितो. या खेपेला विहिरीवरच्या स्टार्टरच्या पेटीविषयी लिहिणार आहोत. आम्ही कृषी पदविकाधारक, विजेचे शिक्षण आमच्याजवळ नाही, हे आधीच कबूल करतो. पण नोंदीच्या आणि पाहणीच्या निमित्ताने रोज कुणाच्या ना कुणाच्या मोटारीपाशी उभे राहावे लागते, आणि तिथे जे दिसते ते पाहून गप्प बसवत नाही.

मागल्या उन्हाळ्यात आळे शिवारात एका सभासदाचा खोडवा पाहायला गेलो होतो. नाव लिहीत नाही. पाण्याची पाळी चालू होती. गडी अनवाणी, पाय घोट्यापर्यंत चिखलात. मोटार बंद करायला त्याने पत्र्याच्या पेटीला हात लावला आणि आमच्या डोळ्यांदेखत मागे फेकला गेला. हात पेटीला चिकटला नाही एवढेच नशीब. चहापाणी झाले, गडी हसायलाही लागला. आमचे हात मात्र बराच वेळ थरथरत होते.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला, आम्हीही मुद्दाम गेलो. वरून येणाऱ्या एका फेजची वायर सोलवटून पत्र्याला टेकलेली होती. ती वायर होती हिरवी. हिरवा रंग आर्थिंगचा, पण लाल वायर कमी पडली म्हणून शिल्लक राहिलेली हिरवी जोडून दिलेली. आर्थिंगची म्हणून जी तार होती, ती पेटीतून निघून हातभर खाली येत होती आणि भिंतीतल्या एका खिळ्याला गुंडाळलेली होती. फ्यूजमध्ये दुपदरी जाड तांब्याची तार. तांब्याच्या वायरीला ॲल्युमिनियमची वायर नुसती पीळ देऊन जोडलेली. असला सांधा काही दिवसांनी सैल होतो, तापतो आणि जळतो.

वायरमन पन्नाशीचा, कष्टाळू, रात्री-अपरात्री हाकेला धावणारा माणूस. आम्ही थोडे चढ्या आवाजात बोललो. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, मला मामानं शिकवलं. मामा लाईनवर रोजंदारीला होता. त्यानंतर मला कुणी काही सांगितलंच नाही. तुम्ही म्हणता तो नियम लिहिलाय कुठं?"

प्रश्न रास्त होता. आम्हालाही उत्तर ठाऊक नव्हते. आमच्या विद्युत विभागातल्या इंजिनिअर मंडळींना विचारून जे कळले ते सांगतो. विजेचा पहिला मोठा कायदा १९१० चा आणि त्याखालचे नियम १९५६ चे. वायरिंगचे काम परवानाधारकानेच करायचे, हे त्या १९५६ च्या नियमांतही होते. पुढे २००३ साली नवा विद्युत कायदा आला. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम २०१० साली निघाले आणि २०२३ साली ते पुन्हा नव्याने निघाले. आर्थिंगचे भारतीय मानक १९८७ चे होते, ते २०१८ मध्ये सुधारले. वायरिंगचे मानक १९८९ चे होते, ते २०१९ मध्ये सुधारले. राष्ट्रीय विद्युत संहिता १९८५ ची. ती २०११ आणि २०२३ अशी दोनदा बदलली. या संहितेत शेतीवरच्या वीजजोडणीसाठी वेगळा भाग आहे, हे ऐकून आम्ही चकित झालो. म्हणजे आपल्या विहिरीचा विचार दिल्लीत कुणीतरी केला आहे. तो आळ्यापर्यंत पोचला नाही इतकेच. ही पुस्तके आमच्या पाहण्यात आली ती इंग्रजीत. गीता मराठीत सांगणाऱ्या माउलींच्या रेड्याची समाधी ज्या गावात, तिथल्या वायरमनला नियम मात्र इंग्रजीत. असो.

आता आपल्या धंद्याकडे पाहा. एके काळी को ७४० शिवाय शिवारात पान हलत नव्हते. मग संजीवनी आली, को ८६०३२ आला, फुले २६५ आला. आज कुणी को ७४० लावतो म्हणाला तर शेजारी हसतील. बेणे बदलले, पाटाचे पाणी ठिबकवर गेले, खत ड्रमातून जाऊ लागले. कारण शिकवणारे होते आणि आपण शिकायला गेलो. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये ज्ञानयागाला शेतकरी जातात, ज्ञानलक्ष्मीला भगिनी जातात. नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र हाकेच्या अंतरावर आहे. आणि ज्याच्या हातात आपल्या गड्याचा, पोराचा, आपला स्वतःचा जीव आहे, त्या वायरमनला आपण आजवर कुठे पाठवले?

नियम बदलले म्हणजे काय बदलले, असे कुणी विचारील. एकच गोष्ट नीट सांगतो, कारण ती आम्हालाही नवीन होती. आपली समजूत अशी की आर्थिंग केले की भागले. खड्डा घेतला, मीठ-कोळसा घातला, पाईप पुरला, झाले. आर्थिंग पाहिजेच, पाईप निदान अडीच मीटर खोल गेलेला पाहिजे आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणीही ओतले पाहिजे. पण हिशेब मांडून पाहा. समजा पेटीच्या आर्थिंगचा रोध १० ओहम आहे आणि डीपीच्या आर्थिंगचा ५. फेज पत्र्याला टेकला तर २३० व्होल्टला १५ ओहमने भागून सुमारे १५ अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. दुपदरी तांब्याची तार १५ अँपिअरला वितळते होय? ती तशीच राहते. वायर स्टार्टरच्या अलीकडेच टेकलेली असली तर स्टार्टरच्या रिलेलाही काही कळत नाही. आणि तेवढा वेळ पेटीच्या पत्र्यावर दीडशे व्होल्ट नांदत असतात. आर्थिंग असूनही.

म्हणून आता अर्थ लिकेजचा स्विच सांगतात. कोणी त्याला ईएलसीबी म्हणतो, कोणी आरसीसीबी. जितका प्रवाह गेला तितका परत आला का, एवढेच तो पाहतो. माणसाच्या रक्षणासाठीचा स्विच ३० मिलीअँपिअरच्या फरकाला बंद पडतो. वरच्या हिशेबातले १५ अँपिअर त्याच्या पाचशे पट झाले. हात लावण्याआधीच पेटी मेलेली असेल.

यावर सभासदांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. "तो स्विच लावला की मोटारच चालत नाही. सारखा पडतो." हे खरे आहे. पुष्कळ ठिकाणी तो बसवला आणि चार दिवसांत तार टाकून बाद केला. पण तो पडतो कशाने? बोअरमधली केबल कुठेतरी चिरलेली असते, सांध्याची टेप सुटलेली असते, गळती आधीपासूनच चालू असते. कुठे ३० मिलीअँपिअरचा लावायचा, कुठे १०० चा, कुठे ३०० चा, हे ठिकाण पाहून ठरवावे लागते. गळती कशी शोधायची, मेगर कसा लावायचा, महिन्यातून एकदा टेस्टचे बटण दाबून का पाहायचे, हे सगळे शिकवल्याशिवाय येत नाही. त्या पन्नाशीच्या वायरमनने टेस्टचे बटण त्या दिवशी पहिल्यांदा दाबले.

सौर पंपांचे तर आणखी वेगळे. २०१९ च्या कुसुम योजनेपासून आणि पुढे २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून पॅनेल उभी राहात आहेत. बसवून देणारी माणसे कंपनीची असतात, पण चार पावसाळ्यांनी बिघाड झाला की हाक आपल्याच वायरमनला जाते. त्याला सवय अशी की मेन स्विच पाडला की लाईन मेली. पॅनेल मात्र ऊन आहे तोवर जिवंतच असते. शिवाय तो डीसी प्रवाह. भार चालू असताना जोड ओढला तर पेटलेली ठिणगी लवकर विझत नाही.

ऑटो स्विचबद्दलही दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. रात्रीची लाईन, बाहेर बिबट्याची भीती, तेव्हा घरातूनच मोटार चालू व्हावी असे वाटणे साहजिक आहे. या तालुक्यात राहून आम्ही त्यावर कुणाला उपदेश करणार? पण गडी पंपात हात घालून बसलेला असताना लाईन आली तर मोटार आपोआप फिरते, आणि गेलेली लाईन कधी येईल ते कुणी सांगून ठेवत नाही.

बाहेरच्या देशांत काय चालते तेही विचारले. अमेरिकेत ही संहिता दर तीन वर्षांनी बदलते आणि तिथल्या बऱ्याच राज्यांत काही तासांचा वर्ग केल्याशिवाय इलेक्ट्रिशियनचा परवाना पुढे चालू होत नाही. इंग्लंडात २०१८ साली वायरिंगच्या नियमांची नवी आवृत्ती निघाली, तेव्हा पिकल्या केसांचे कारागीरही पुन्हा वर्गात बसले. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

आमची सूचना अशी. गळीत हंगाम संपल्यावर, पावसाच्या आधी, आळेफाट्याला तीन दिवसांचा वर्ग घ्यावा. आळे, संतवाडी, कोळवाडी, राजुरी, बेल्हे या भागातले वायरमन बोलवावेत. शिकवायला आपले विद्युत विभागातले इंजिनिअर आहेत, आयटीआयच्या शिक्षकांना विनंती करता येईल आणि विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयालाही पत्र द्यावे. एक दिवस तरी प्रत्यक्ष विहिरीवर. सगळे मराठीत. आणि त्या तीन दिवसांची मजुरी वायरमनला कारखान्याने द्यावी. फुकट या म्हटले तर कोण येईल, आणि का यावे? तीन दिवसांच्या वर्गाने परवाना मिळत नाही, हेही स्पष्ट सांगावे. ज्यांच्याजवळ परवाना नाही, गावात ज्यांना झिरो वायरमन म्हणतात, त्यांना परीक्षेला बसायला मदत करावी. त्यांना हाकलून द्यायची भाषा आम्हाला पटत नाही. रात्री दोन वाजता येणारा तोच असतो.

हे काम महावितरणचे आहे, असे एका जबाबदार सभासदाने आम्हाला सुनावले. मीटरपर्यंत ते खरे आहे. मीटरच्या पुढे मोटारीपर्यंतचे वायरिंग ग्राहकाचे, म्हणजे तुमचे-आमचे. अपघात झाला तर विद्युत निरीक्षक चौकशीला येतो, आणि काम कोणी केले, परवाना होता का, हे विचारले जाते. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून मृत शेतकऱ्याच्या घरी दोन लाख मिळतात. मिळोत बापडे. पण त्या घराचे पुढे काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे.

एक कडू गोष्टही बोलली पाहिजे. वायरमनला स्वस्तात कर म्हणणारे आपणच आहोत. आर्थिंगचा खड्डा पुढच्या वर्षी घेऊ, स्विच नंतर बघू, असे मालकच सांगतो. मोटारीसाठी तो स्विच डीएपीच्या दोन-तीन गोण्यांच्या किमतीत येतो. गोण्या आपण उधारीवर का होईना, आणतोच.

हा प्रस्ताव आम्ही संचालक मंडळापुढे लेखी ठेवत आहोत. खर्च शेतकी विभागाच्या तरतुदीतून व्हावा अशी आमची मागणी आहे. वार्षिक सभेत विषय निघाला तर सभासदांनी दोन शब्द बोलावेत. दरम्यान, आपल्या मोटारीचे काम करणाऱ्या वायरमनचे नाव व गाव गट कार्यालयात चिटबॉयकडे लिहून द्यावे. परवाना असल्यास त्याचा क्रमांक लिहावा. नसल्यास 'नाही' असे लिहावे, त्याबद्दल कुणालाही जाब विचारला जाणार नाही.