घर तिच्या नावावर, भाडं कुणाच्या हातात?



आयकराचे विवरणपत्र हा आपल्या अंकाचा विषय नव्हे, असे कुणाला वाटेल. पण अहिल्यानगर जिल्ह्यात सल्ला केंद्राचे काम करताना मला एक गोष्ट वारंवार दिसते. सावेडीतला फ्लॅट, नागापूर एमआयडीसीजवळ कामगारांना दिलेल्या खोल्या, शिर्डीतला गाळा, सगळे बाईच्या नावावर. भाडे मात्र नवरा किंवा सासरा घेतो. बाईला आठवते ते एवढेच, की कधीतरी सही घेतली होती.

1990 च्या सुमारास शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्ती मोहिमेने बाईचे नाव सातबारावर आणण्याचा प्रश्न गावोगाव नेला. 2021 पासून महाराष्ट्रात केवळ बाईच्या नावे घर घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. हेतू चांगला. पण पुरुषप्रधान घरात नाव तिचे लागते आणि व्यवहार त्याचाच राहतो.

नवऱ्याने पुरेसा मोबदला न घेता आपले घर बायकोच्या नावे केले, तर त्याचे भाडे कायद्याने त्याच्याच उत्पन्नात धरले जाते. तरीही कर वाचवण्यासाठी ते तिच्या विवरणपत्रात दाखवले जाते. कागद सल्लागार भरतो, ओटीपी नवऱ्याच्या मोबाइलवर येतो. पुढे हीच बाई पोटगीसाठी कोर्टात जाते. रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली दोन्ही पक्षांना उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले. मग समोरचा वकील तिचेच विवरणपत्र पुढे करतो: बाईंना तर तीन ठिकाणचे भाडे मिळते! जे पैसे तिने पाहिलेही नाहीत, ते तिच्या विरुद्ध पुरावा होतात. उलट, नवऱ्याने रोखीत घेतलेले आणि कुठेच न दाखवलेले भाडे शोधायची वेळही तिच्यावरच येते.

म्हणून गटाच्या बैठकीत हा हिशेब शिकू या. प्रत्येक मालमत्तेचे भाडे वेगळे मांडायचे. त्यातून भरलेली घरपट्टी वजा करायची, उरलेल्या रकमेच्या 30 टक्के वजावट घ्यायची, कर्ज असेल तर नियमाप्रमाणे व्याज वजा करायचे, आणि मग बेरीज. बचत गटाचे हप्ते चोख लिहिणाऱ्या बायांना हे अवघड नाही. आयकर खात्याच्या नोंदीत स्वतःचा मोबाइल नंबर लावा. आजवर आपल्या नावे काय भरले गेले, ते उघडून पाहा. भाडेकरार आणि घरपट्टीच्या पावत्यांच्या नकला जवळ ठेवा. भाडे आपल्या एकटीच्या खात्यात जमा होऊ द्या.

आणि न वाचता सही करायची नाही. घरात यावरून वाद होईल. तो होऊ द्या; त्या वादात एकटी बाई पडू नये, यासाठीच तर आपण संघटित झालो आहोत.